गेटजवळची जोडी

बाईंचा डावा हात पाठीमागे यायचा. पंजा उघडा, बोटं पसरलेली. मान वळायची नाही, तोंडातून शब्द नाही. तो हात दिसला की मागच्यांनी जिथे असू तिथे थांबायचं. पाय हवेत असला तर हवेतच. मग दुर्बीण डोळ्याला लावून बाई पुटपुटायच्या, "दिसलं?" आणि आपण तोंड उघडायच्या आत स्वतःच निकाल द्यायच्या, "नाही दिसलं."

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे आपल्याला उठता-बसता आंधळं ठरवतं आणि तरीही आपण दर शनिवारी मुकाट त्याच्यामागे जातो. का जातो, हे घरच्यांना समजावता येत नाही. माझ्या नवऱ्याला तर ते अजून समजलेलं नाही. "उन्हात झोपायचं सोडून चिखलात कशाला जातेस?" हा त्याचा प्रश्न कायम आहे. वर्षातून चार दिवस पडतं ते ऊन, पण प्रश्न बारमाही.

बाई डॉक्टर होत्या, भूल देणाऱ्या. मूळच्या नागपूरच्या. लग्न करून इंग्लंडात आल्या, लेस्टरच्या इस्पितळात उभी हयात नोकरी केली आणि यजमान गेल्यावर बेसिंगस्टोकजवळच्या एका खेड्यात छोटं घर घेऊन एकट्या राहू लागल्या. मुलगा रोहन मेडनहेडला. तो म्हणायचा, आमच्याकडे ये. बाई म्हणायच्या, "त्याच्या गार्डनमध्ये प्लॅस्टिकचं गवत आहे बाप्पा. तिथे मी बघू काय?"

इथे त्यांच्या घरामागेच टॉमचं शेत सुरू व्हायचं. शेत म्हणजे पिकं नाहीत. टॉमची गुरं, आणि गुरांसाठी पसरलेली उघडीवाघडी कुरणं. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाई फाटक उघडून आत शिरल्या आणि टॉमला म्हणाल्या, "तुमच्या कुरणात टिटव्या आहेत." टॉम म्हणाला, हो, आजोबांच्या वेळेपासून आहेत. "मग त्यांची पिल्लं का दिसत नाहीत?" टॉमनं टोपी काढून डोकं खाजवलं. एवढ्यावर बाईंनी त्याचं शेत ताब्यात घेतलं. त्याची काही हरकत दिसली नाही. असती तरी बाईंपुढे चालली नसती म्हणा.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या मराठी मंडळाच्या वसंत सहलीत. मी पुण्याहून नवीन आलेली, अंगात झगझगीत जॅकेट, तोंडाची टकळी चालू. बाईंनी हात पाठीमागे केला, सगळे थांबले आणि मी थेट पुढच्या काकांच्या पाठीवर जाऊन आदळले. "ही राणी कलरची कोण आहे? तिला शेवटी ठेवा," बाई म्हणाल्या. सहल संपल्यावर मात्र त्याच माझ्याजवळ आल्या. काम काय करतेस? मी म्हटलं, सॉफ्टवेअर टेस्टर. लोकांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते.

"म्हणजे दुसऱ्याला न दिसलेलं बघायचा पगार घेतेस," बाई म्हणाल्या. "शनिवारी ये. मळका कोट घालून ये."

अशी मी त्यांच्या जुन्या लाल गाडीत जाऊन बसले. गाडीत का, तर पाखरं गाडीला भीत नाहीत, माणसाला भितात. टॉमच्या मोठ्या कुरणाच्या कडेला, गेटच्या आतच गाडी लावायची, काच खाली करायची आणि बसून राहायचं. हीटर बंद. रेडिओचं नावसुद्धा काढायचं नाही. थर्मासमधला चहासुद्धा बेतानं, कारण "उतरायला मिळणार नाही, आधी सांगून ठेवते." मांडीवर डब्यातली भाकरी आणि ठेचा. ठेच्यानं माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्याच नेमक्या क्षणाला काहीतरी उडायचं. "दिसलं? नाही दिसलं."

बसावं कसं ते बाईंकडून शिकावं. अर्धा अर्धा तास पापणीशिवाय काही हलायचं नाही. मी एकदा विचारलं, कंटाळा कसा येत नाही हो? म्हणाल्या, "अगं, सर्जन कापाकापी करतो, त्याचा वेळ छान जातो. आम्ही डोक्याशी बसून काय करायचो? छाती हलतेय ना, एवढंच बघायचं. पण ते बघणं चुकवायचं नाही." मग दुर्बीण माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "ते ढेकूळ बघ. त्याची छाती हलतेय." मी बघितलं. ते ढेकूळ नव्हतं, कान पाठीला चिकटवून बसलेला रानससा होता. मला इतका आनंद झाला की मी ओरडले आणि ससा पळाला. त्या दिवशी भाकरी मिळाली, ठेचा मिळाला नाही.

चंडोल गायला लागला की मात्र बाई सगळे नियम मोडायच्या. गाडीतून उतरून सरळ गवतात आडव्या व्हायच्या, सत्तरी उलटलेली बाई, आणि आकाशातला तो एवढासा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ऐकत राहायच्या. टॉमनं पहिल्यांदा त्यांना असं पाहिलं तेव्हा तो ट्रॅक्टर सोडून धावत आला. त्याला वाटलं, गेल्या. बाईंनी डोळे न उघडता त्याला खूण केली, तूही झोप. आणि अहो, तो झोपला!

पण खरा जीव टिटवीवर. इथली टिटवी आपल्यासारखी नाही. डोक्यावर नाजूक तुरा, पाठीवर हिरवी झाक, आवाजही जरा गोड. इंग्रजीत तिला लॅपविंग म्हणतात, बाई मात्र टिटवीच म्हणायच्या. मी पहिल्यांदा ऐकून दचकले होते. आमच्याकडे टिटवी ओरडली की आजी "कुणाचं बोलावणं आलं गं" म्हणून देवापुढे दिवा लावायची. हे सांगितल्यावर बाई एवढ्या हसल्या की गाडी हलली. "टेबलावरचा माणूस मी जाऊ देत नव्हते. टिटवीची काय बिशाद!"

टिटवीचं घरटं म्हणजे जमिनीत टाचेनं दाबल्यासारखा खळगा आणि त्यात मातीच्याच रंगाची अंडी. वसंतात टॉम गवत सपाट करायला रोलर फिरवतो, ट्रॅक्टरमागे लोखंडाचा हा एवढा मोठा रूळ. त्याला वरून अंडी काय दिसणार? म्हणून रोलर निघायच्या आत घरटी शोधायची आणि आजूबाजूला बांबूच्या काठ्या रोवायच्या. काठी दिसली की टॉम वळसा घालून जातो. पिल्लं का दिसत नाहीत, या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे रोलर होतं.

उरलेलं अर्धं म्हणजे कावळे. कावळा माणसाकडे बघून शिकतो. तुम्ही गवतात एका जागी थांबलात, वाकलात, की त्याला पत्ता मिळाला. तुमची पाठ वळायची खोटी, अंडी फस्त. म्हणून काठी रोवायचीसुद्धा बाईंची पद्धत होती. रमतगमत चालत जायचं, जाता जाता काठी खुपसायची आणि न थांबता पलीकडच्या कुंपणापर्यंत निघून जायचं, जणू आपलं काम तिकडेच आहे. कुंपणावर कावळा दिसला तर दोन्ही हातांनी टाळ्या आणि "हड्! हड् मेल्या!" बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या आम्हा सगळ्यांना ती टाळी इतकी अंगवळणी पडली होती, की कावळा बघितला की हात आपोआप उठायचे. टॉम तर "हड् मेल्या" झकास म्हणतो. अर्थ त्यानं कधी विचारला नाही.

मी एकदा चिडवलं, "बाई, कावळ्यांशी इतकं वैर बरं नव्हे. शेवटी दहाव्याला गाठ त्यांच्याशीच आहे."

"नाही शिवला तर नाही शिवला," बाई म्हणाल्या. "तो तरी कोणत्या तोंडानं येईल माझ्याकडे?"

या वर्षी मार्च सगळा पावसात गेला. कुरणात पाणी साचलं होतं, टॉमचं रोलर शेडमध्येच होतं. आम्ही सापडली तेवढी घरटी खुणा करून ठेवली, पण एक जोडी बाईंना दाद देईना. गेटजवळची. नर आमच्या डोक्यावर कोलांट्या मारायचा, मादी गवतात उतरायची आणि नाहीशी व्हायची. बाई दुर्बिणीनं पार पलीकडच्या टोकापर्यंत धुंडाळायच्या. घरटं काही मिळेना. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "गेटजवळची बया कुठे बसते ते अजून कळलेलं नाही. जमीन सुकली की टॉम रोलर काढेल, त्याच्या आत शोधायचंच. उद्या लवकर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दार उघडेना. खिडकीतून पाहिलं, बाई आपल्या खुर्चीत होत्या, बूट घातलेले, थर्मास भरलेला. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. आयुष्यभर दुसऱ्याची छाती हलतेय ना हे बघत बसली ही बाई, आणि हिच्या वेळी शेजारी कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

इथे क्रिमेटोरियमची तारीख मिळायलाच वेळ लागतो. अंत्यविधी झाला, आणि लेस्टरच्या गुरुजींनी सांगितलं की दिवस तिथपासून मोजा. दहावा रविवारी आला. त्याआधीच्या आठवड्यात रोहनचा फोन.

रोहनचं मराठी इथल्या मुलांचं असतं तसं. पण बोलतो जिद्दीनं. म्हणाला, "मी सगळं प्रॉपर करणार. पिंड आईच्या शेतात ठेवणार, गेटवरच. तिथे कावळे पण खूप आहेत, आय चेक्ड."

"अरे नको! तिथे नको!"

"का नको?"

मी सांगितलं. भाताचे गोळे एकदा तिथे ठेवले की सगळ्या गावचे कावळे गोळा होतील, आठवडाभर तिथेच रेंगाळतील आणि एक अंडं ठेवणार नाहीत. आई तुझी सात जन्मांची पुण्याई बाजूला ठेवून मला धरायला येईल.

तो म्हणाला, "म्हणजे आईच्या शेतात आईलाच अलाउड नाही?"

त्याचं चुकलं होतं असं नाही, आणि माझंही. त्यानं कुठेतरी वाचलं होतं की गायीनं खाल्लं तरी चालतं. म्हणून आम्ही टॉमला विचारलं. टॉमनं टोपी काढली, हातात फिरवली, डोळे पुसले आणि म्हणाला की बाईंसाठी काहीही केलं असतं, पण स्वयंपाकघरातलं अन्न गुरांना घालायला इथे कायद्यानं बंदी आहे, भाताचं शीतसुद्धा नाही. आणि सोमवारी रोलर काढतोय, जमीन सुकली. गेटजवळच्या घरट्याचं काही कळलं का?

नव्हतं कळलं.

शेवटी मीच जागा सुचवली. आमच्या ऑफिसचा कार पार्क. हसू नका. बेसिंगस्टोकच्या त्या बिझनेस पार्कमध्ये लोकांच्या सँडविचवर पोसलेले कावळे माणसाच्या हातातून क्रिस्प्सचं पाकीट नेतात. रविवारी माणूस नसतं. तर रविवारी सकाळी सायकल शेडशेजारच्या हिरवळीवर आम्ही दोघं उभे, समोर पत्रावळ मिळाली नाही म्हणून स्टीलच्या ताटात पिंड, आणि रोहनच्या मोबाइलवर स्पीकरवर गुरुजी.

कावळे आले. दिव्याच्या खांबांवर ओळीनं बसले. आणि एकही खाली उतरेना. एरवी टूना सँडविचसाठी मारामाऱ्या करणारे हे हलकट, आज सोवळ्यात असल्यासारखे बसून राहिले.

"आईंची काही इच्छा राहिली असेल तर पूर्ण करतो म्हणा," गुरुजी फोनवरून म्हणाले.

रोहननं हात जोडले. "आई, मी तुझा घर विकणार नाही." कावळे गप्प. "मुलांना मराठी क्लासला पाठवतो." गप्प. "आई, मी गार्डनमधला गवत काढतो. रियल गवत लावतो." मला वाटलं होतं यावर तरी येतील. नाहीत.

आणि मग तो मोठा, सूटबूट घालून बँकेत बसणारा माणूस कोलमडला. "मला माहीत नाही गं. आईला काय पाहिजे होता, मला माहीतच नाही. तुला माहीत आहे, टॉमला माहीत आहे. मला नाही."

मला त्याच्याकडे बघवेना. मी ताटाकडे बघून म्हटलं, "बाई, गेटजवळच्या जोडीचं घरटं आजच्या आज शोधतो. रोहन आणि मी. रोलर निघायच्या आत."

आता तुम्ही म्हणाल, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. असेल. पण एक थोराड कावळा खांबावरून सुटला, हिरवळीवर उतरला, तिरका तिरका चालत ताटापाशी आला, मान खाली घातली, चोच पुढे केली...

आणि माझे हात उठले. "हड्! हड् मेल्या!"

काय टाळी वाजली म्हणून सांगू! सगळा कार पार्क दणाणला. कावळे खांबांवरून फुर्रदिशी उडाले ते पार हायवेपलीकडे. मी तोंडावर हात ठेवून उभी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. रोहन माझ्याकडे बघतोय.

"काय झालं? काय झालं?" फोनमधून गुरुजी. "शिवला का?"

रोहनचा चेहरा वेडावाकडा होत गेला. मला वाटलं, आता रडतो. तो हसायला लागला. आधी आवाज न करता, मग पोट धरून, मग गवतात बसून. हसता हसताच रडला. मग नाक पुसून फोन तोंडाजवळ नेला आणि ठणकावून सांगितलं, "शिवला, गुरुजी."

चोच लागली होती की नाही, देव जाणे. मी पुन्हा कधी विचारलं नाही.

तिथून थेट टॉमच्या शेतावर. गाडी बाईंचीच, चालवत होता रोहन. फाटक उघडं होतं. तो आत वळणार, नेहमीच्या जागी गाडी लावणार, तोच समोरून, अगदी बॉनेटसमोरून, एक टिटवी उठली आणि ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली.

"थांब!" मी त्याचा दंड धरला. "एक इंचसुद्धा पुढे नको. मागे घे."

रस्त्यावर येऊन काच खाली केली. बसून राहिलो. मादी लांब उतरली, इकडे बघ, तिकडे बघ, काहीच काम नसल्यासारखी चालत चालत परत आली आणि बसली. मी दुर्बीण लावली. माझा विश्वास बसेना. बाईंच्या गाडीची चाकं रोज तिथे उभी राहून गवत मेलं होतं, माती उघडी पडली होती. टिटवीला हवी तशी. बाई पलीकडे शोधत होत्या तेव्हा घरटं कुठेच नव्हतं. ते झालं त्यानंतर, त्या येईनाशा झाल्यावर.

मी रोहनला दुर्बीण दिली. त्याला सांगायची गरज पडली नाही. तो बघत राहिला.

"आई असती तर इथे गाडी असती," तो म्हणाला.

"हो."

मी त्याच्या हातात काठ्या दिल्या. कसं जायचं, कुठे खुपसायची ते सांगितलं. "थांबायचं नाही. वाकायचं नाही. आणि मागे वळून बघायचं नाही."

हे शेवटचं वाक्य त्यानं अंत्यविधीच्या दिवशी गुरुजींच्या तोंडून ऐकलं होतं.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

तो उतरला. टिटवी उठली. चालता चालता त्यानं एक काठी रोवली, पुढे दुसरी, आणि तसाच कुरणातून पलीकडच्या कुंपणाकडे निघाला. टिटवी त्याच्या डोक्यावर ओरडत होती. त्याचे खांदे हलताना मला इथून दिसत होते. पण मान वळली नाही. मग टिटवी खाली उतरली, चालत आली आणि अंड्यांवर बसली. पिसं फुगवली, इकडून तिकडून अंग सारखं केलं आणि डोळे मिटले. रोहन अजून पाठमोरा चालतच होता, आणि मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणत होते, "बाई, बसली."